डाग जातात, पण चेहरा प्लास्टिकचा दिसतो: त्वचेच्या रिटचिंगमधील वारंवार येणारी अडचण आणि तिचे निवारण

पोर्ट्रेटमधील त्वचेचे रिटचिंग, म्हणजे संगणकावर दुरुस्ती, करणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. मूळ छायाचित्रात दोन-चार मुरमे, नाकाच्या बाजूला थोडी लाली आणि डोळ्यांखाली काळसर छटा एवढेच काढायचे असते. ते सगळे काढून झाल्यावर फाइल पुन्हा उघडून पाहिली, तर डाग खरोखरच गेलेले असतात. मात्र गाल मेणासारखे तुकतुकीत झालेले असतात, कपाळ एकजात सपाट दिसते आणि जिथे मुरूम होते तिथे आता एक धूसर ठिपका बसलेला असतो. मग दुरुस्तीची ओपॅसिटी (अपारदर्शकता) कमी करून पाहिली जाते, त्याने डाग अर्धवट परत येतो आणि धूसरपणाही अर्धवट राहतो. सॉफ्टवेअर बदलले, तयार फिल्टर विकत घेतले किंवा ब्रश लहान केला, तरी हा प्रकार थांबत नाही, कारण चूक बहुतेक वेळा अवजारात नसून अवजार निवडण्याच्या आधीच्या पायरीत असते.

छायाचित्रातील त्वचा म्हणजे एकावर एक बसलेल्या तीन गोष्टी असतात: उजेड-सावलीचा चढउतार, रंग आणि पोत. पोत म्हणजे रंध्रे, बारीक लव, सूक्ष्म रेषा आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरने टाकलेले कण. आपण ज्याला सरसकट डाग म्हणतो तो यांपैकी एकाच थरातला बिघाड असतो, किंवा फार तर दोन थरांतला. डोळ्यांखालचे वर्तुळ हा बहुधा उजेडाचा आणि रंगाचा प्रश्न असतो, तिथला पोत उत्तम असतो. नाकाजवळची लाली हा निव्वळ रंगाचा प्रश्न असू शकतो. पिकलेल्या पुटकुळीत मात्र तिन्ही थर बिघडलेले असतात. ब्लर (धूसर) करणारे कोणतेही अवजार या तिन्ही थरांवर एकदम चालते, म्हणजे रंगाच्या दोषासाठी पोताला शिक्षा होते. प्लास्टिकसारखा चेहरा हा या शिक्षेचा परिणाम आहे.

आधी निदान करावे

फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये निदानासाठी दोन तात्पुरते लेयर (मूळ चित्रावर रचायचे वेगळे स्तर) पुरेसे आहेत, आणि ते प्रत्येक फाइलमध्ये सर्वांत वर ठेवून हवे तेव्हा चालू-बंद करावेत. पहिला लेयर मध्यम करड्या रंगाने भरून त्याचा ब्लेंड मोड (खालच्या चित्रात मिसळण्याची रीत) ‘कलर’ करावा. त्यामुळे चित्रातील सर्व रंग नाहीसे होऊन केवळ उजेड-सावली उरते. आता संशयित डागाकडे पाहावे. तो जवळजवळ दिसेनासा झाला असेल, तर तो रंगाचा दोष आहे आणि त्याला हीलिंग ब्रश (डाग बुजवणारे अवजार) लावण्याचे काहीच कारण नाही. तो तेवढाच ठळक राहिला असेल, तर उजेडाचा दोष आहे. दुसरा लेयर ‘कर्व्हज’चा, म्हणजे रेषा ओढून उजेड-सावली बदलणाऱ्या अवजाराचा, असावा आणि त्यात रेषा तीव्र चढवून कॉन्ट्रास्ट वाढवावा, म्हणजे गालावरचे जे फिकट-गडद ठिगळ साध्या नजरेला केवळ जाणवते, पण बोट ठेवून दाखवता येत नाही, ते स्पष्ट दिसू लागते. हा दुसरा लेयर चालू ठेवून मात्र फार वेळ काम करू नये, कारण त्यात निरोगी त्वचासुद्धा डागाळलेली दिसते आणि हात थांबत नाही.

काही जण करड्या लेयरऐवजी ‘ब्लॅक अँड व्हाइट’ ॲडजस्टमेंट वापरतात. त्यात लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट अशी की तिथले रंगांचे स्लायडर निकाल बदलतात. त्वचेतील हिमोग्लोबिन हिरवा आणि निळा प्रकाश जोराने शोषते, मेलॅनिनसुद्धा निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त शोषते. म्हणून कोणत्याही चेहऱ्याचे रेड, ग्रीन आणि ब्लू हे तीन चॅनेल (रंगाचे घटक) वेगवेगळे उघडून पाहिले, तर रेड चॅनेलमध्ये त्वचा सर्वांत स्वच्छ दिसते आणि ब्लू चॅनेलमध्ये प्रत्येक मुरूम, वांग आणि जुना व्रण उठून दिसतो. ‘ब्लॅक अँड व्हाइट’मधील लाल आणि पिवळा स्लायडर खाली ओढले, की तोच परिणाम मिळतो. डाग शोधण्यासाठी हे उपयोगी आहे, पण तेवढ्यावरून किती डाग काढायचे हे ठरवणे धोक्याचे आहे, कारण ते डाग रंगीत चित्रात त्या ताकदीने दिसतच नसतात.

हीलिंग केल्यावर ठिपका किंवा ठिगळ राहणे

ही अडचण सर्वांत जास्त आढळते आणि तिची कारणेही सर्वांत जास्त आहेत, म्हणून तिथे थोडे थांबणे भाग आहे.

हीलिंग ब्रश फोटोशॉपच्या 7.0 या आवृत्तीत, म्हणजे 2002 साली आला, आणि त्याचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. क्लोन स्टॅम्प एका जागेचे पिक्सेल उचलून दुसऱ्या जागी जसेच्या तसे ठेवतो. हीलिंग ब्रश उचललेल्या जागेतून केवळ पोत घेतो, आणि रंग व उजेड मात्र नव्या जागेच्या कडेला जे पिक्सेल असतात त्यांच्याशी जुळवून घेतो. याचा अर्थ असा की हीलिंगचा निकाल कसा येईल हे ब्रशने झाकलेल्या भागावर कमी आणि त्या भागाच्या सीमेवर जास्त अवलंबून असते. बहुतेक तक्रारींचे मूळ याच वाक्यात सापडते.

नाकपुडीच्या शेजारची पुटकुळी हे नेहमीचे उदाहरण घ्यावे. पुटकुळीचा व्यास समजा 20 पिक्सेल आहे आणि नाकपुडीची गडद कड तिच्यापासून 8 पिक्सेलवर आहे. ब्रश 40 पिक्सेलचा घेऊन मध्यावर टेकवला, की त्याची एक बाजू त्या गडद कडेवर जाते. ब्रश सोडताच हिशेब सुरू होतो, सीमेवर गडद पिक्सेल सापडतात, आणि ती गडद छटा आतपर्यंत ओढली जाऊन पुटकुळीच्या जागी एक मळकट डाग उमटतो. पुन्हा तिथेच ब्रश फिरवला, तर तो डाग पसरतो. यावर उपाय दोन आहेत. ब्रश पुटकुळीपेक्षा जेमतेम मोठा, 22 ते 24 पिक्सेलचा घ्यावा, म्हणजे त्याची सीमा निरोगी त्वचेवरच राहील. तेवढ्याने भागत नसेल आणि दोष कडेला चिकटलेलाच असेल, तर लॅसोने (मुक्तहस्ते भाग निवडणाऱ्या अवजाराने) कडेच्या आतल्या बाजूने सिलेक्शन करून क्लोन स्टॅम्प वापरावा, आणि नंतर उरलेला जोड दोन-तीन ठिकाणी हीलिंगने मिटवावा. केसांची रेषा, भुवया, ओठांची कड, चष्म्याची फ्रेम आणि दागिन्यांच्या जवळची त्वचा या सर्व ठिकाणी हाच क्रम चालतो.

दुसरे कारण ब्रशच्या कडेचे आहे. रंग भरताना मऊ कडेचा ब्रश बरा असतो, म्हणून अनेक जण हीलिंगलाही तोच लावतात. मऊ कडेपाशी नवा पोत अर्धपारदर्शक होऊन जुन्या पोतावर बसतो, दोन्ही पोत एकमेकांत मिसळतात आणि रंध्रांच्या जागी धुरकट कडे तयार होते. हीलिंगमध्ये रंग जुळवण्याचे काम अवजार स्वतःच करत असल्यामुळे मऊ कडेची गरज मुळात नाही; हार्डनेस 80 ते 100 टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. मऊ ब्रश हवाच असेल, तर हीलिंग ब्रशचा मोड ‘नॉर्मल’ऐवजी ‘रिप्लेस’ करावा, त्यात कडेचा पोत आणि कण टिकतात. ‘डिफ्यूजन’ नावाचा स्लायडर दिसत असेल, तर बारीक पोत असलेल्या त्वचेसाठी तो खालच्या बाजूला ठेवावा.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे, कारण त्यात ब्रशचा काही दोष नसतो. हीलिंगसाठी मूळ चित्राच्या वर रिकामा लेयर घेणे ही चांगली सवय आहे. पण त्यासाठी ‘सॅम्पल’ या पर्यायात ‘करंट लेयर’ निवडलेले राहिले, तर ब्रश रिकाम्या लेयरमधून उचलतो आणि काहीच घडत नाही. हे लगेच कळते. ‘ऑल लेयर्स’ निवडले असेल आणि वर उजेड वाढवणारा ‘कर्व्हज’ लेयर असेल, तर जे घडते ते मात्र पटकन कळत नाही. समजा गालावरच्या एका पिक्सेलचे उजेडाचे मूल्य (0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा) 140 आहे आणि वरचा कर्व्हज लेयर ते 160 करून दाखवतो. ब्रश दिसणारे 160 उचलतो आणि कर्व्हजच्या खालच्या लेयरवर ठेवतो. तिथून ते 160 पुन्हा एकदा कर्व्हजमधून जाते आणि 175 च्या पुढे पोहोचते. परिणामी हीलिंग केलेली प्रत्येक जागा भोवतालपेक्षा उजळ दिसते, आणि काम करणारा नवा पोत उचलण्यासाठी जागा शोधत बसतो. ‘करंट अँड बिलो’ निवडावे, किंवा त्याच ओळीतील ॲडजस्टमेंट लेयर वगळण्याचे बटण दाबावे. निदानासाठी वर ठेवलेले करडा आणि कॉन्ट्रास्टचा हे दोन लेयरसुद्धा याच कारणाने गोंधळ घालू शकतात, तेव्हा चेहऱ्यावर अचानक करडे ठिपके पडू लागले तर प्रथम ही सेटिंग तपासावी.

गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हीलिंगचे अवजार आहेच, आणि कंट्रोल कळ धरून क्लिक केल्यावर पोत उचलण्याची जागा ठरते. तिथे रिकाम्या लेयरवर काम करण्यापेक्षा मूळ लेयरची प्रत काढून तिच्यावर काम करणे जास्त भरवशाचे ठरते.

पोत कोठून उचलला जातो याकडेही लक्ष हवे. कपाळावरची रंध्रे, गालावरची रंध्रे आणि हनुवटीची रंध्रे सारखी नसतात; लवेची दिशाही वेगळी असते. गालावरच्या डागासाठी कपाळाचा पोत आणला, तर रंग जुळूनही ती जागा डोळ्याला खटकत राहते. एका बाजूने उजेड येत असेल, तर प्रत्येक रंध्राची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद असते, म्हणून डाव्या गालावरचा पोत उजव्या गालावर उलटा करून आणू नये. शक्यतो डागाच्या लगतची आणि उजेडाच्या उगमापासून तेवढ्याच अंतरावरची जागा घ्यावी, आणि दर दोन-तीन क्लिकनंतर ती बदलावी, नाहीतर एकच तीळ किंवा एकच रंध्रांचा पुंजका गालभर उमटलेला दिसतो. स्पॉट हीलिंग ब्रश जागा आपल्या आपण निवडतो. मोकळ्या गालावर तो वेळ वाचवतो, पण भुवईजवळ तोच त्वचेत केस आणून ठेवतो.

फ्रीक्वेन्सी सेपरेशननंतर त्वचा रबरी किंवा मातकट दिसणे

फ्रीक्वेन्सी सेपरेशन या पद्धतीला जितकी स्तुती मिळते तितकीच नावेही ठेवली जातात. तिचा उद्देश योग्य आहे: पोत एका लेयरवर आणि रंग-उजेड दुसऱ्या लेयरवर वेगळे काढायचे, म्हणजे एकावर काम करताना दुसऱ्याला धक्का लागणार नाही. बिघाड तीन ठिकाणी होतो.

पहिले ठिकाण गणिताचे आहे. चित्राच्या दोन प्रती एकावर एक ठेवून खालच्या लेयरला गॉसियन ब्लर दिल्यावर वरच्या लेयरवर ‘अप्लाय इमेज’ वापरून फरक काढला जातो. फाइल 8 बिटची (बिट म्हणजे रंगाच्या नोंदीची बारकाई) असेल तर ‘सबट्रॅक्ट’, स्केल 2 आणि ऑफसेट 128 असे आकडे द्यावे लागतात. फाइल 16 बिटची असेल तर ‘ॲड’ निवडून ‘इन्व्हर्ट’वर खूण करावी लागते, स्केल 2 आणि ऑफसेट 0 ठेवावा लागतो. दोन्ही बाबतींत वरच्या लेयरचा मोड ‘लिनिअर लाइट’ असतो. हे आकडे का, ते एका पिक्सेलवरून समजते. मूळ मूल्य 150 आहे आणि ब्लर झाल्यावर 140 झाले, तर फरक 10, त्याचा निम्मा 5, आणि त्यात 128 मिळवून वरच्या लेयरवर 133 नोंदले जाते. लिनिअर लाइट 128 पेक्षा जेवढे जास्त असेल त्याची दुप्पट खालच्या लेयरमध्ये मिळवतो, म्हणजे 140 अधिक 10, पुन्हा 150. फरक 11 असता तर निम्मे करताना साडेपाच आले असते, 8 बिटमध्ये ते पूर्णांकात बसवावे लागते आणि एका अंकाची चूक राहते. एका पिक्सेलला ही चूक दिसत नाही, पण पुढे कर्व्हज चढवले की गालावर पट्टे पडण्यामागे तिचाही हात असतो. म्हणून रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) 16 बिटमध्येच उघडावी. दोन्ही लेयरचा गट चालू-बंद करून पाहावा; चित्रात तसूभरही फरक पडता कामा नये. फरक पडत असेल, तर पुढे काहीही न करता आकडे तपासावेत, कारण मळकटपणाची तक्रार बऱ्याचदा इथेच सुरू झालेली असते.

दुसरे ठिकाण ब्लरच्या रेडियसचे आहे. कोठेतरी वाचलेला 10 हा आकडा प्रत्येक फाइलला लावला जातो, पण रेडियस पिक्सेलमध्ये मोजला जातो आणि चेहरा मात्र प्रत्येक चित्रात वेगवेगळे पिक्सेल व्यापतो. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र साधारण 6000 गुणिले 4000 पिक्सेलचे असते. त्यात डोके आणि खांदे एवढेच असतील, तर चेहरा अडीच-तीन हजार पिक्सेल उंच असू शकतो. तोच माणूस उभा, पूर्ण आकृतीत घेतला असेल, तर चेहरा जेमतेम सातआठशे पिक्सेलचा उरतो. पहिल्या चित्रात 6 ते 10 रेडियसपासून सुरुवात करता येते, दुसऱ्यात 2 किंवा 3 सुद्धा पुरतो, आणि तिथे 10 दिला तर डोळ्यांचा आकारच पोतात जमा होतो. आकडा पाठ करण्याऐवजी ब्लर वाढवताना गालाकडे पाहत राहावे आणि रंध्रे नाहीशी झाली, पण नाकाची आणि गालाच्या हाडाची सावली जागेवर आहे, अशा टप्प्यावर थांबावे.

तिसरे ठिकाण असे की काही दोष या दोन लेयरमध्ये नीट विभागलेच जात नाहीत. ज्या पुटकुळीचा आकार रेडियसच्या आसपास असतो, ती अर्धी पोतात आणि अर्धी रंगात जाते. मग पोताच्या लेयरवर ती काढली, तरी लालसर सावली खाली उरते. खाली ब्लर केले, तर सावली पसरते आणि वर उंचवट्याची कड तशीच राहते. म्हणून मुरमे, पुटकुळ्या, सुटे केस आणि मेकअपचे कण हे सर्व सेपरेशन करण्याच्या आधी साध्या हीलिंगने काढून टाकावेत. सेपरेशन फक्त मोठ्या ठिगळांसाठी, म्हणजे गालावरच्या असमान छटांसाठी राखून ठेवावे. माझ्या मते बहुतेक चेहऱ्यांना त्याची गरजच पडत नाही, आणि ज्या ट्यूटोरियलमध्ये पहिल्याच मिनिटाला फ्रीक्वेन्सी सेपरेशनचे ॲक्शन (तयार आदेशमालिका) चालवले जाते, ते पाहून शिकणाऱ्याला निदानाची सवय लागत नाही.

खालच्या लेयरवर लॅसोने भाग निवडून ब्लर करताना सिलेक्शन सावली आणि उजेडाच्या सीमेवरून जाऊ देऊ नये. कपाळाचा वरचा भाग निवडताना केसांचा गडद रंग आत आला, तर तो कपाळावर पसरतो, आणि वर रंध्रे शाबूत असल्यामुळे तिथे काजळी बसल्यासारखे दिसते. एकाच ठिकाणी चार-पाच वेळा ब्लर केले, तर उजेडाचा सगळा चढउतार संपतो आणि सपाट रंगावर नुसती रंध्रे उरतात. रबरी दिसणे म्हणतात ते हेच. तिथे पोत कमी पडलेला नसतो, चेहऱ्याची गोलाई हरवलेली असते. अशा वेळी वर कृत्रिम कण टाकून काही साधत नाही. मास्कवर (लेयरचा भाग झाकणाऱ्या आच्छादनावर) काळ्या रंगाने मूळ उजेड-सावली परत आणावी लागते.

डॉज अँड बर्नमध्ये रंग बिघडणे

उजेडाचा दोष उजेडानेच दुरुस्त करणे, म्हणजे गडद ठिगळ थोडे उजळ करणे आणि उजळ ठिगळ थोडे गडद करणे, ही सर्वांत सुरक्षित पद्धत आहे, कारण ती पोताला हातच लावत नाही. दोन कर्व्हज लेयर घ्यावेत, एक किंचित वर ओढलेला आणि एक किंचित खाली ओढलेला, दोघांचेही मास्क काळे करावेत आणि पांढऱ्या मऊ ब्रशने 1 ते 3 टक्के फ्लो (ब्रशमधून येणारा रंग) ठेवून रंगवावे. इथे मऊ ब्रशच योग्य आहे. डोळ्यांखालच्या वर्तुळांवर याच पद्धतीने काम केले, तर तिथल्या सूक्ष्म रेषा टिकतात आणि माणूस झोप झाल्यासारखा दिसतो, वय बदलल्यासारखा दिसत नाही.

तक्रार येते ती रंगाची. गडद केलेल्या जागा नारिंगी-लालसर होतात आणि उजळ केलेल्या जागा खडूसारख्या फिक्या पडतात, कारण नॉर्मल मोडमधला कर्व्हज लेयर तीन चॅनेलची मूल्ये बदलताना त्यांच्यातील प्रमाणही बदलतो आणि त्याबरोबर सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) सरकते. लेयरचा मोड ‘ल्युमिनॉसिटी’ करून हा परिणाम बराच आवरता येतो. तरीही फरक राहिला, तर सर्वांच्या वर ‘कलर’ मोडचा रिकामा लेयर घ्यावा, शेजारच्या निरोगी त्वचेचा रंग आयड्रॉपरने उचलावा आणि 5 ते 10 टक्के ओपॅसिटीच्या ब्रशने तो हलकेच चढवावा. निव्वळ लालीसाठीही हाच लेयर कामाला येतो. लाली मोठ्या भागावर पसरलेली असेल, तर ‘ह्यू/सॅच्युरेशन’मध्ये लाल रंगाची पट्टी अरुंद करून ह्यू (रंगछटा) किंचित पिवळ्याकडे सरकवावा आणि मास्कने ओठ वगळावेत. ओठ वगळायचे राहिले की माणूस आजारी दिसतो.

लाली पूर्ण काढू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. गाल, नाकाचे टोक आणि कान हे कपाळापेक्षा थोडे लालसर असणे स्वाभाविक आहे. सगळा चेहरा एकाच ह्यूवर आणला, तर पोत शाबूत असूनही चेहरा रंगवलेल्या पुतळ्याकडे झुकतो.

काम बरोबर, तरी निकाल चुकीचा

काही तक्रारींचे कारण त्वचेत नसते, पाहण्यात असते. 200 टक्के झूमवर काम करणाऱ्याला प्रत्येक रंध्र हा दोष वाटतो. डाग 100 टक्क्यांवर काढावेत, आणि दर काही मिनिटांनी पूर्ण चित्र पडद्यावर मावेल इतके लहान करून पाहावे. 33 किंवा 67 टक्क्यांसारख्या झूमवर पडदा पिक्सेलची सरासरी काढून दाखवतो आणि पोत असतो त्यापेक्षा मऊ किंवा खरबरीत भासू शकतो, म्हणून पोताबद्दलचा निर्णय तिथे घेऊ नये. तासभर काम केलेल्या डोळ्यांवरही विश्वास ठेवू नये. चित्र आडवे उलटवून पाहिले की राहून गेलेली ठिगळे अनपेक्षितपणे समोर येतात.

शार्पनिंगचा क्रमही तपासावा. रॉ फाइल उघडतानाच शार्पनिंग (कडा तीक्ष्ण करणे) आणि क्लॅरिटी (मध्यम छटांचा कॉन्ट्रास्ट) चढवली असेल, तर रंध्रे आधीच टोकदार झालेली असतात. मग ती मऊ करण्यासाठी ब्लर आणि पुन्हा तीक्ष्ण करण्यासाठी शार्पनिंग अशी उलटसुलट ओढाताण होते. सुरुवातीला शार्पनिंग कमी ठेवावे, रिटचिंग पूर्ण करावे आणि अंतिम आकार ठरल्यावरच शार्पनिंग द्यावे. लाइटरूममध्ये 2019 साली आलेला ‘टेक्स्चर’ स्लायडर त्वचेच्या मास्कवर उणे 10 ते उणे 20 इतका वापरला, तर मध्यम आकाराचा खरबरीतपणा उतरतो आणि सर्वांत बारीक तपशील बराचसा टिकतो. क्लॅरिटी उणे करणे हा त्याला पर्याय नाही, त्याने चेहऱ्यावर धुके येते.

निर्यात केल्यावर त्वचा फिकी किंवा भगभगीत लाल दिसत असेल, तर रिटचिंग पुन्हा करण्याआधी रंगाचे प्रोफाइल (फाइलमधील आकड्यांचा नेमका रंग कोणता हे सांगणारी नोंद, जसे ॲडोबी आरजीबी किंवा एसआरजीबी) पाहावे. ॲडोबी आरजीबीमधील फाइल प्रोफाइल न जोडता पाठवली, तर ती पाहणारे सॉफ्टवेअर बहुधा तिला एसआरजीबी समजते आणि त्वचेतील रंग मरगळतात. वेबसाठी फाइल एसआरजीबीमध्ये रूपांतरित करावी आणि प्रोफाइल जोडावे. प्रोफाइल नुसते नेमून देणे आणि रूपांतर करणे या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिलीने आकडे तेच राहून रंग बदलतो, दुसरीने रंग तोच राहून आकडे बदलतात.

एकाच प्रसंगाची अनेक छायाचित्रे असतील, तर एक वेगळीच तक्रार येते: एका चित्रात हनुवटीवर तीळ आहे आणि दुसऱ्यात नाही. काम सुरू करण्यापूर्वी त्या व्यक्तीला विचारून काय ठेवायचे ते लिहून घ्यावे. साधारण पंधरवड्यात आपोआप जाणारे, म्हणजे मुरूम, ओरखडा, किड्याचा चावा, हे काढावे. तीळ, जन्मखूण, जुना व्रण हे विचारल्याशिवाय काढू नये. सुरकुत्या मिटवायच्या झाल्या, तर पूर्ण मिटवण्याऐवजी वेगळ्या लेयरवर हीलिंग करून त्या लेयरची ओपॅसिटी 40 ते 50 टक्क्यांवर आणावी. हा लेयर डागांच्या लेयरपासून वेगळा ठेवला नाही, तर पुढे कोणी सुरकुत्या परत मागितल्या की मुरमेही परत येतात.

जिथे दुरुस्ती मर्यादितच होते

फाइलमध्येच पोत नसेल, तर वरील कोणतीही पद्धत तो निर्माण करू शकत नाही. फोनच्या ब्यूटी मोडने काढलेल्या चित्रात त्वचा आधीच गुळगुळीत केलेली असते. संदेशाच्या ॲपमधून आलेली जेपेग फाइल पुन्हा दाबलेली असते, आणि जेपेग चित्राचे 8 गुणिले 8 पिक्सेलचे चौकोन करून माहिती टाकून देत असल्यामुळे गालावर हीलिंग केले, की त्या चौकोनांच्या कडा पोत म्हणून उचलल्या जातात. अशा वेळी मूळ फाइल मागवणे हाच पहिला उपाय आहे. ती मिळत नसेल, तर डाग क्लोन स्टॅम्पने कमी ओपॅसिटीवर फक्त मंद करावेत, आणि शेवटी 50 टक्के करड्या रंगाचा ‘ओव्हरले’ लेयर घेऊन त्यावर एकरंगी गॉसियन नॉइज 2-3 टक्के द्यावा, म्हणजे दुरुस्त केलेला आणि न केलेला भाग निदान एकाच कणांखाली येतो.

कपाळावर किंवा नाकावर उजेड फुटलेला असेल, तर आधी ते पांढरे किती आहे हे आयड्रॉपरने मोजावे. तिन्ही चॅनेल 255 असतील, तर तिथे कसलीच नोंद उरलेली नाही आणि चकाकी गडद करण्याच्या प्रयत्नात फक्त करडा डाग मिळतो. एखादा चॅनेल 255 च्या खाली असेल किंवा रॉ फाइल हाताशी असेल, तर हायलाइट्स खाली आणून तीच फाइल दुसऱ्यांदा उघडावी आणि तो भाग मास्कने वर बसवावा. तेही शक्य नसेल, तर लगतच्या त्वचेचा पोत ‘डार्कन’ मोडमधल्या क्लोन स्टॅम्पने 15 ते 20 टक्के ओपॅसिटीवर चकाकीच्या कडांकडून आत आणत जावा आणि मधला भाग उजळच राहू द्यावा.